निधान

उद्यमबागेत बर्फ पडत नाही.
मासळीबाजारामागच्या कारखान्यातून मागवावा लागतो,
भुश्यात गुंडाळलेल्या लाद्या, चाळीस.
टेम्पोवाला विचारतो, लग्न हाय काय, का मयत?
म्हटलं, शिकवणी.

मार्च. पहाटेचे साडेपाच.
हेरेकरांच्या फौंड्रीचं मागचं आवार,
जिथं साच्यांची जळकी वाळू फेकतात,
तिथं ताडपत्री, तिच्यावर फोडलेला बर्फ,
आणि त्याच्यापुढं ती दांडगी गाडी उभी,
चारी चाकांनी ओढणारी, अडीच टनांची,
म्हशीगत फुसफुसत.

मैथिली तिच्यात चढली, माळ्यावर चढावं तशी.
झोजीचा घाट उघडला की हिला लेहला जायचंय.
एकटीला.
शेठ म्हणाले, भरमाणी, तू सतरा वर्षं तिकडं काढलीस,
शिकव हिला. नाही शिकवलंस तरी जाणारच हाय ती.

मी सांगतो:
पहिल्यांदा ब्रेक विसरायचा.
ब्रेक हा सपाटीवरल्या माणसांचा देव,
तिकडं पावत नाही.
चार चाकं ओढतात म्हणून माजायचं नाही,
निघायला चार असतात,
थांबायला बर्फावर एकही नसतं.
मागची बाजू घसरली तर जिकडं घसरते तिकडंच वळव,
भांडायला आलेल्याचं आधी ऐकून घ्यावं तसं.

ती मान हलवते, आणि पहिल्याच फेरीला
सगळा पाय ब्रेकवर.
गाडीच्या पोटात कटकटकट,
भंगाराच्या ढिगापासून वीतभर अंतरावर आम्ही थांबतो.
ती हसते.
माझ्या तोंडातून निघून जातं, निधान.
कानडी का मध्येच, काका?

चोर्ल्याच्या वळणांवर पाट्या असायच्या.
शाळेत कानडी अक्षरं नुकती जुळायला लागलेली,
जांबोटीहून वर जाताना एसटीच्या खिडकीतून मी वाचायचो,
निधान, निधान.
आपल्यात निधान म्हणजे ठेवा, पुरलेलं धन.
मला वाटायचं, प्रत्येक वळणाखाली सोनं हाय
आणि सरकारनं खुणा करून ठेवल्यात.
हळू म्हणायचं होतं त्यांना,
हे कळायला पलटणीत जावं लागलं.

बैलहोंगलचा निंगाप्पा. पुढची गाडी त्याची, मागची माझी.
त्याला मराठी येईना, मला कानडी तोकडी,
तर खिडकीतून हात काढायचा,
तळवा खाली, हवेला थोपटल्यासारखा.
निधान, भरमाण्णा.
त्या दिवशी ऊन पडलं होतं.
ऊन बर्फापेक्षा वाईट. वरचा पापुद्रा वितळतो, रस्त्याचा आरसा होतो.
हात बाहेर आला. तळवा खाली.
मग त्याची गाडी कडेकडं सरकली,
अगदी सावकाश,
बाकावर बसलेला माणूस सरकून
दुसऱ्याला जागा करून देतो तशी.
आणि मग कडेला कोणी नव्हतं.

हे मी तिला सांगत नाही.
सांगतो, परत घे. दुसरा गिअर.
पायाखाली अंडं हाय समज.

सातला ऊन वाळूवर आलं.
मोल्डिंगची पोरं कामाला आली,
एकानं तुकडा उचलून मानेला लावला,
एक म्हणाला, लिंबू आणू काय, भरमाणी मामा?
लाद्यांच्या कडा गोल झाल्या,
काळं पाणी गटारीकडं निघालं,
फौंड्रीचं कुत्रं त्यात तोंड घालून उभं.

अकराव्या फेरीला गाडी आडवी झाली.
मी शेजारी नव्हतो, उतरून ढिगाजवळ उभा होतो,
पाटाचं पाणी अडवायला उभं राहावं तसा, वेड्यासारखा.
तिनं ब्रेक मारला नाही.
जाऊ दिली. चाकं जिकडं चालली तिकडं थोडी गेली त्यांच्यासोबत,
मग गाडी आपसूक सरळ झाली, थांबली.

खिडकीतून हात बाहेर आला.
माझ्या पोटात काहीतरी
वीस वर्षं मागं घसरलं.
पण तळवा वर होता.
बाटली मागत होती पाण्याची.

दिली.
पी, म्हटलं. निधान.